गळ्यातलं हिरवं कडं

...आणि मग तिनं सूप वाढायचा तो लांब दांड्याचा डाव उचलला, टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर स्वतः चढली आणि डावाच्या दांड्यानं भिंतीवरचा तो तांबडा-पिवळा-हिरवा दिवा उचकटून काढला. शाळेच्या जेवणघरात चौकातल्यासारखा सिग्नल! पोरांचा गलका वाढला की तांबडा लागायचा, आणि तांबडा लागला की सगळ्या पोरांनी तोंडातून अवाक्षर न काढता नुसतं चावायचं. नव्या शाळाप्रमुखाची अक्कल. व्हर्लीन टॅकेटनं तो दिवा वायरीसकट काखोटीला मारला, बाहेर गेली, शाळाप्रमुखाच्या मोटारीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर तो ठेवला आणि वर त्याला पट्टासुद्धा बांधला. मग परत येऊन हात धुतले आणि बटाटे वाढायला लागली.

शाळाप्रमुख धावत आला. "मिसेस टॅकेट, हा काय प्रकार?"

"साहेब, गप्प बसून जेवतात ते तुरुंगात. इथं पोरं जेवतात. तुम्हाला शांततेत जेवायचं असेल तर दिवा गाडीत बसलाय, त्याच्याबरोबर जेवा."

काल ही हकीकत अर्धी राहिली होती, म्हणून आधी ती पुरी केली. आज जी सांगायचीय तिच्यात हसू कमी आहे. पण व्हर्लीनचा राग काय चीज आहे हे ठाऊक नसलेल्याला पुढचं सांगून उपयोग नाही.

मी तिला कधीपासून ओळखतो म्हणाल, तर डोंगरमाथ्यावरच्या आमच्या त्या एका खोलीच्या शाळेपासून. मी डावखुरा. आमच्या बाईंना डावा हात म्हणजे सैतानाचा वाटायचा, म्हणून त्या माझा डावा हात दोरीनं बाकाला बांधून ठेवायच्या. व्हर्लीन माझ्याहून दोन इयत्ता खाली. एक दिवस ती आपल्या जागेवरून उठली, माझ्या बाकाशी आली, दातांनी गाठ सोडली आणि परत जाऊन बसली. बाईंनी तिला बडव बडव बडवलं. पोरगी रडली नाही, नुसती बाईंकडे बघत राहिली. शेवटी बाईच खुर्चीत बसल्या. मी आजही दोन्ही हातांनी लिहितो, आणि व्हर्लीन चिडली की दोन्ही पायांनी पळतो.

तिच्या रागाची एक गंमत आहे. स्वतःसाठी ती कधी चिडत नाही. दुकानात कुणी रांग मोडून तिच्या पुढे घुसलं तर म्हणेल, "जा बाबा, तुला घाई दिसतेय." पण तोच माणूस एखाद्या पोराच्या पुढे घुसला तर त्याची खैर नाही. तिचा नवरा लॉईड खाणीतली धूळ खाऊन खोकत खोकत गेला. दफनाच्या दिवशी पाद्री म्हणाला, "देवाची इच्छा." ही भर चर्चमध्ये उठून म्हणाली, "देवाला मध्ये ओढू नका. त्यानं खाण काढली नव्हती." आणि बसली. पाद्र्याला पुढचा उतारा सापडेना.

लॉईड गेला, मुलगी लग्न करून जवळच राहिली, आणि व्हर्लीनचं घर रिकामं झालं. तेव्हापासून ती जिल्ह्याच्या कचेरीकडून मुलं सांभाळायला घेते. ज्यांच्या घरी ठेवणं धोक्याचं झालंय, अशी मुलं. कुणी महिनाभर राहतं, कुणी दोन वर्षं. कितीतरी येऊन गेली. आमच्या क्रॅबट्रीत, ओहायोच्या या डोंगराळ टोकाला, कुठलंही पोर रस्त्यानं चाललेलं दिसलं आणि ओळखीचं वाटलं नाही, तर आम्ही समजून जातो, हे व्हर्लीनचं.

ऑगस्टात हॅडी आली. सात वर्षांची. कचेरीच्या गाडीतून उतरली तेव्हा तिचं सगळं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होतं. व्हर्लीननं पिशवी बघितली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. मी शेजारचा, तिच्या पोर्चवरच बसलो होतो. हॅडीला दूध-बिस्किटं देऊन माझ्याजवळ बसवलं, गाडीतल्या बाईला बाजूला घेतलं आणि कुंपणापलीकडे ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "तुमचे कपडे तुम्ही कशात भरता?"

"म्हणजे?"

"सुट्टीला जाता तेव्हा. कचऱ्याच्या पिशवीत भरता?"

"आम्हाला जे मिळतं—"

"पोरीला काय वाटलं असेल? आपल्याला फेकून द्यायला चाललेत!"

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन तिनं निळी बॅग आणली, चाकांची. हॅडी आठवडाभर ती बॅग घरातल्या घरात फिरवत होती.

या पोरीच्या अंगाला हात लावलेला चालायचा नाही. का, ते व्हर्लीनला ठाऊक असेल, मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. केस विंचरायला गेलं तरी ती ताठ व्हायची. मग व्हर्लीन काय करी? आरशासमोर स्वतः बसायची, आपले पांढरे केस विंचरायची, आणि दुसरी फणी शेजारच्या खुर्चीवर ठेवून द्यायची. चार-सहा दिवसांनी हॅडी त्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिनं फणी उचलली. भांग वाकडा, एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. व्हर्लीन म्हणाली, "झकास." तशीच शाळेत पाठवली.

प्रत्येक मुलाला ती पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. हॅडीलाही सांगितली, मी तिथंच होतो. "इथं तू म्हटल्याशिवाय तुझ्या अंगाला कुणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही. हा माझा शब्द." हॅडीनं मान हलवली, पण तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, असे शब्द हिला बऱ्याच जणांनी दिलेत.

आता भुताच्या घराकडे येतो.

आमच्या गावचं अग्निशमन दल बिनपगारी आहे. शेतकरी, सुतार, शिक्षक, भोंगा वाजला की धावतात. बंब म्हातारा झालाय, चढावर धापा टाकतो. नव्या बंबाला तिकिटांचे पैसे जमावेत म्हणून दर ऑक्टोबरात हॅलोविनच्या आधी जुन्या पेंडीच्या गिरणीत आम्ही भुताचं घर मांडायचो. सगळं घरचं. सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे, थंड शेवया म्हणजे आतडी, डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना त्यात हात घालायला लावायचं. आणि मी शवपेटीत. किती वर्षं मेलो होतो त्याचा हिशोब नाही. पोरं जवळ आली की एक डोळा उघडायचा, बस. जास्त काही नाही. एकदा पेटीत मला गाढ झोप लागली आणि घोरायला लागलो, त्या वर्षी पोरं सर्वांत जास्त घाबरली.

आणि कड्याची पद्धत. ती व्हर्लीनचीच. तिची मुलगी लहान असताना आत इतकी घाबरली की तिथंच उभ्या उभ्या चड्डी ओली झाली. दुसऱ्या वर्षी व्हर्लीननं ती चमकणारी प्लॅस्टिकची कांडी आणली. वाकवली की आत काहीतरी कट्‌कन मोडतं आणि हिरवा उजेड पडतो, टोकं जोडली की गळ्यात कडं होतं. तिनं सगळ्या भुतांना उभं करून दम भरला, "हे ज्याच्या गळ्यात दिसेल त्याच्यापासून दोन पावलं मागे व्हायचं. कुणी फिसकन आवाज जरी केला तरी मुखवटा तोंडात कोंबीन." तेव्हापासून क्रॅबट्रीत हिरवं कडं म्हणजे 'मला नको'. कडंवालं पोर दिसलं की भूत मागे सरकायचं, काही भुतं हात हलवून नमस्कारसुद्धा करायची. मोठाले मिशा फुटलेले गडी कोटाच्या आत कडं लपवून यायचे आणि वेळ आली की हळूच कॉलर उघडायचे. मी शवपेटीतून सगळं बघितलंय. नावं घेत नाही, त्यातले दोघे आता बंबावर आहेत.

या वर्षी दलाचा मुख्य, रॉयस अँबलर, याला हुक्की आली. म्हणाला, द्राक्षांनी बंब येत नसतो. त्यानं शहरातली एक मंडळी बोलावली, ठिकठिकाणी भुताची घरं चालवणारी. त्यांचा म्होरक्या ब्रॉक. कानात यंत्र, हातात टॅबलेटची काचेची पाटी, आणि तोंडात कायम 'अनुभव'. "आम्ही भीती विकत नाही, अनुभव विकतो." गिरणी त्यांनी आतून काळी केली, धुराची यंत्रं आणली, करवती आणल्या. मी माझी पेटी घेऊन गेलो तर ब्रॉक म्हणाला, "आजोबा, तुमचं प्रेत गोड आहे, पण घाबरवत नाही."

"मी या गिरणीत तुझ्या वयाइतकी वर्षं मेलोय, बाळा."

"मग आता विश्रांती घ्या."

मला बाहेर बीनच्या सुपाच्या काहिलीवर बसवलं. मला राग आला का? आला. पण माझा राग म्हणजे सुपाचा बुडबुडा.

खरी गोम पुढे आहे. या शहरी मंडळींकडेही हिरवं कडं होतं. तीच कांडी, तोच हिरवा रंग. पण त्यांच्यात त्याचा अर्थ बरोबर उलटा. कडं घातलं म्हणजे 'मला धरा, ओढा, उचला, माझी परवानगी आहे'. धीट गिऱ्हाइकांनी मागून घ्यायचं. हे सगळं दाराशी एका पाटीवर लिहिलं होतं, मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरात, हृदयविकारवाले आणि गरोदर बायका यांच्यासाठीच्या सूचनांमध्ये कुठंतरी. आणि रॉयसला हे माहीत होतं. ब्रॉकनं त्याला बैठकीत सांगितलं होतं. गावात एकही माणूस नाही ज्याला कड्याचा आपला अर्थ ठाऊक नाही, आणि हा गावचा माणूस ऐकून मान डोलावून घरी गेला. का? तर "पाटीवर आहे ना, वाचतील."

इकडे हॅडीच्या वर्गातली सगळी पोरं गिरणीत जाऊन आली होती, फुशारकीत बिनकड्याचीच. डब्याच्या सुट्टीत दुसरं बोलणं नाही. एक दिवस व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात मी मक्याचा पाव खात बसलो होतो, तर हॅडी दारात उभी राहून म्हणाली, "मिस व्हर्लीन, मलापण जायचंय."

व्हर्लीन पीठ मळता मळता थांबली. पोरीनं आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

"चल की."

"तिथं हात लावतात का?"

"गळ्यात हिरवं कडं असलं की नाही. कुणीच नाही."

"नक्की?"

"माझा शब्द. या ऑरिनला विचार, हा तिथं मेलेला असायचा."

हॅडीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पोरी, कडं दिसलं की मी उघडलेला डोळासुद्धा मिटायचो." ती हसली. दात पडलेल्या फटीतून हसली.

शनिवारी संध्याकाळी व्हर्लीनची व्हॅन गिरणीच्या आवारात आली. तिचा अकरा वर्षांचा नातू एमेट, आमच्या रस्त्यावरची आणखी दोन-तीन पोरं, आणि हॅडी. स्वस्त वस्तूंच्या दुकानातून आणलेली कडी व्हर्लीननं सगळ्यांना वाटली. हॅडीनं आपली कांडी स्वतः मोडली, स्वतः गळ्यात घातली. तिकिटाच्या खिडकीत शहरातली एक मुलगी होती. तिला वाटलं, कडी गावच्या लोकांनीच दिली असतील. हॅडीकडे बघून ती म्हणाली, "अरे वा, एवढीशी आणि इतकी शूर!" व्हर्लीन म्हणाली, "आहेच." दोघी आपापल्या अर्थानं बोलल्या. मी काहिलीजवळून हात केला. पोरं आत गेली, व्हर्लीन सगळ्यांच्या मागे.

आतलं मला एमेटनं सांगितलं. पहिल्या वळणावर काही झालं नाही. दुसऱ्या वळणावर कसायाच्या वेशातला एक उंच माणूस, तोंडावर डुकराचा मुखवटा, धुरातून बाहेर आला. हॅडीनं त्याला बघितलं आणि घाबरली नाही. गळ्यातलं कडं दोन बोटांनी धरून वर केलं, त्याला नीट दिसावं म्हणून. विश्वासानं दाखवलं हो!

आणि त्यानं तिला कमरेला धरून उचललं, खांद्यावर टाकलं आणि बाजूच्या पिंजऱ्यात नेलं.

मी बाहेर मक्याचा पाव कापत होतो. आतून करवतींचा, किंकाळ्यांचा आवाज चालूच होता, त्याची सवय झाली होती. पण त्या सगळ्याच्या वर एक आवाज आला, असा, की रांगेतल्या माणसांनी हातातले पेले खाली ठेवले.

"ऑरिन! दिवे लाव!"

गिरणीचा मोठा खटका माझ्या मागच्या भिंतीवरच आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. मी दोन्ही हातांनी ओढला.

सगळे दिवे लागले, तसं कुणीतरी संगीत बंद केलं. आत धावलो तर काय, ठिकठिकाणी राक्षस डोळ्यांवर हात धरून उभे. एक चेटकीण पिंपापाशी उभी राहून सरबत पीत होती. आणि पिंजऱ्याच्या दारात व्हर्लीन, समोर तो डुकराच्या मुखवट्याचा माणूस, खांद्यावर हॅडी. पोरगी ओरडत नव्हती, लाथा मारत नव्हती. धुवून पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखी लोंबत होती.

व्हर्लीनचा आवाज आता एकदम खाली आला होता. तो वरच्यापेक्षा वाईट. "खाली ठेव. हळू. आणि मग हात माझ्या नजरेसमोर राहू देत."

त्यानं ठेवलं. हॅडी जमिनीला टेकली ती सरळ पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली. त्या माणसानं मुखवटा काढला. आत वीस वर्षांचं, मुरमं आलेलं कॉलेजचं पोरगं. चेहरा पांढराफटक. "तिच्या गळ्यात कडं होतं, मॅडम. आम्हाला सांगितलंय, कडं असलं की... आणि ती ओरडली नाही, मला वाटलं तिला आवडतंय."

"ओरडली नाही," व्हर्लीन म्हणाली. "कधी काळी ओरडली असेल आणि कुणी आलं नसेल, असं नाही वाटलं तुला?"



व्हर्लीन पोत्यांपासून चार हातांवर जमिनीवर बसली. तिचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे, खाली बसणं म्हणजे तिला शिक्षा. पण बसली. हात पुढे केला नाही. पोरीला ओढलं नाही, पोटाशी धरलं नाही. नुसती बसली आणि आपल्या अंगानं वाट अडवली, कुणी जवळ जाऊ नये म्हणून.

इतक्यात ब्रॉक आला. "बाई, बाहेर रांग ताटकळलीय. शो असा मधेच थांबवता येत नाही."

"थांबलाय. बघ."

"दाराशी पाटी आहे. स्पष्ट लिहिलंय—"

"सात वर्षांच्या पोरीला तुझी पाटी वाचता येते? तिनं तुझ्या माणसाला कडं वर करून दाखवलं. गावातली सगळी पोरं जी भाषा बोलतात त्या भाषेत ती 'नको' म्हणाली. आणि तुझ्या धंद्यात त्याचा अर्थ 'या, उचला'?"

"आमची ही पद्धत सगळीकडे—"

"सगळीकडे गेलास ना? मग इथल्या एकाला तरी विचारायचं होतंस."

"मी सांगितलं होतं," ब्रॉक म्हणाला. "तुमच्या मुख्यांना."

मागे रॉयस उभा होता, दलाचा कोट घालून. व्हर्लीननं बसल्या जागेवरून मान वळवली. मी रॉयसला जळत्या खळ्यात शिरताना बघितलंय, पण त्या वेळी तो मागे सरकला.

"रॉयस, तुला माहीत होतं?"

"व्हर्लीन, हे बघ, ऐक. मुलं घाबरतात, रडतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. आपण लहानपणी काय कमी—"

"माहीत होतं की नव्हतं?"

"...होतं. पण पाटीवर—"

"तुझा पोरगा सहावीपर्यंत कडं घालून आलाय इथं! कॉलरच्या आत! मी काही बोलले होते का कधी? तुझ्या पोराला दोन पावलं मागे सरकणारं भूत मिळालं, कारण या गावात कुणीतरी लक्ष ठेवत होतं. आणि तुझी पाळी आली तेव्हा तू मान डोलावून घरी जाऊन झोपलास!"

तेवढ्यात पोत्यांमागून हॅडीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. "तुम्ही सांगितलं होतं."

व्हर्लीनच्या तोंडाचा पट्टा तिथल्या तिथे बंद. आता ती म्हणू शकली असती, बाळा, त्यांनी नियम बदलला, मला कुणी सांगितलं नाही, माझी काय चूक. ते सगळं खरंच होतं. पण ती म्हणाली, "हो. सांगितलं होतं. आणि तसं झालं नाही. मी शब्द दिला आणि तो मोडला."

हॅडी पोत्यांमागून बाहेर आली. गळ्यातलं कडं काढलं आणि व्हर्लीनच्या समोर जमिनीवर ठेवलं. मग कुणाकडे न बघता चालत बाहेर गेली आणि व्हॅनच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस त्या घरात कसे गेले ते मी पोर्चवरून बघितलं. पोरगी सांगितलेलं करायची, जेवायची, शाळेत जायची. पण तिची ती निळी बॅग पुन्हा भरून दाराशी उभी होती. व्हर्लीननं ती उचलली नाही, "अगं ठेव ना आत" असंही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र अशी आपटायची की माझ्या घरातलं मांजर कान टवकारायचं.

तिनं जिल्ह्याच्या कचेरीत स्वतः जाऊन सगळं सांगितलं, काही न लपवता, पोरीला घेऊन जातील ही भीती असूनही. त्यांनी हॅडीला विचारलं, इथं राहायचंय का. हॅडी म्हणाली, "अजून ठरवते."

दलाच्या बैठकीत रॉयसनं सुचवलं की कडी व्हर्लीननं घरून आणली होती, तेव्हा थोडी चूक तिचीही, असं नोंदवावं म्हणजे दोन्ही बाजूंचा मान राहील. व्हर्लीन उठली. मला वाटलं, आता छप्पर उडतंय. पण ती म्हणाली, "नोंदवा. माझी चूक तिला मी त्याच दिवशी सांगितली. आता तुमच्यातल्या ज्यांनी माना डोलावल्या त्यांनी आपली नोंदवावी. हात वर करा, मी थांबते." आणि थांबली. शेवटी रॉयसचा हात वर गेला, अर्धा. शहरी मंडळींना पुन्हा बोलवायचं नाही असं मग एकमतानं ठरलं. बंब तसाच धापा टाकतोय. टाकू दे.

नोव्हेंबराच्या मध्यावर, पानं झाडून झाल्यावर, एक दिवस दुपारी ते मुरमांचं कॉलेजचं पोरगं क्रॅबट्रीत आलं. एकटं, शहरातून गाडी चालवत. त्याचं नाव केल्विन. हातात कापडी ससा. फाटकाशी उभं राहून त्यानं हाक मारली. मी आणि व्हर्लीन पोर्चवर अक्रोड फोडत होतो.

"मॅडम, मला फक्त तिची माफी मागायचीय. तेव्हापासून मला झोप नाही. ते काम मी सोडलं."

"काम सोडलंस ते बरं केलंस," व्हर्लीन म्हणाली. "थांब तिथंच. फाटकाला हात लावू नको."

ती आत गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. "हॅडी, त्या दिवशी ज्यानं तुला उचललं तो मुलगा बाहेर आलाय. माफी मागायचीय म्हणतो. रडवेला झालाय. मला वाटतं, खरंच वाईट वाटलंय त्याला. तुला त्याला भेटायचंय?"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "नाही."

"ससा आणलाय."

"नको."

"बरं."

व्हर्लीन बाहेर आली. "नाही म्हणाली. जा बाळा घरी."

"मी लांबूनच बोलेन. एकच वाक्य—"

"नाही म्हणाली ना?"

"निदान ससा तरी—"

"तोही नको म्हणाली. जा. गाडी हळू चालव, डोळे पुसून घे आधी."

पोरगं खरंच रडत होतं. गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलं, मग गेलं. खिडकीच्या पडद्याची कड हलली. हॅडी बघत होती, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होती.

माझं मन विरघळलं. खोटं कशाला सांगू. म्हणालो, "व्हर्लीन, तू पण ना, दगड आहेस. लेकरू एवढ्या लांबून आलं होतं. एक वाक्य ऐकून घेतलं असतं, ससा घेतला असता, तर काय बिघडलं असतं? किती दिवस ही आग पेटती ठेवणारेस?"

तिनं हातोडी अक्रोडावर मारली. एवढ्या जोरात, की टरफलं माझ्या मांडीवर उडाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली:

"तुझं लेकरू रडलं तर त्याला जवळ घ्यायला त्याची आई आहे, ऑरिन. हिनं मागच्या वेळी 'नको' दाखवलं तेव्हा हिला उचलून नेलं. आज ही तोंडानं 'नाही' म्हणाली, आणि एक माणूस फाटकातून परत गेला. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मी तुझ्यासारखी विरघळले असते आणि त्याला आत घेतलं असतं ना, तर ती बॅग उचलून आजच्या आज निघाली असती, आणि मी तिला अडवलं नसतं. त्याला हलकं वाटावं म्हणून मी तिचं 'नाही' खर्च करायचं? तू मला दगड म्हण, काय वाट्टेल ते म्हण. ती जेव्हा 'हो' म्हणेल तेव्हा मी स्वतः त्याला आणायला जाईन, नाहीच म्हणाली तर नाही जाणार. आणि आग कधी विझवायची ते मी रॉयसच्या दलाला विचारणार नाही, तुलाही नाही. आता अक्रोड फोडायचे असतील तर फोड, नाहीतर ऊठ, टरफलं झटक आणि घरी जा."